खैराचं मुसळ, डिंकाची कातडी

मी एक जुनं मुसळ आहे.

नाही, चुकलं. मुसळ होतो. आता मी पेन आहे. लोक मला बघून आधी म्हणतात, "काय चकाकतंय राव!" आणि लगेच आपल्या पोरांना म्हणतात, "हात नको लावूस." मित्रांनो, ही दोन वाक्यं एकापाठोपाठ ऐकली की माझ्या अंगाची आग होते. का होते ते सांगतो. गोड आवाजात सांगेन अशी आशा धरू नका.

तळेघरच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. तिथं ठकूबाईच्या ओसरीत जमिनीत पुरलेलं उखळ होतं आणि भिंतीला टेकून मी उभा असायचो. खैराचा मी. आतून तांबडा, उचलायला जड, खालच्या टोकाला लोखंडी कडं. भात कांडताना ठकूबाई मला वर नेऊन सोडायची आणि खाली जाताजाता दुसऱ्या हाताने झेलायची. मधोमध, जिथं मूठ बसते, तिथं मला कुणी कधी रंग दिला नव्हता. तरी तेवढा भाग आरशासारखा झाला होता. आधी ठकूबाईच्या सासूचे हात, मग तिचे. लग्नकार्यात घाणा भरायची वेळ आली की मला आंब्याचा डहाळा बांधायचे, हळद लावायचे. बायका आधी त्या गुळगुळीत भागावरून हात फिरवायच्या आणि म्हणायच्या, "ह्ये घर राबणाऱ्याचं हाय."

अशी चकाकी लावून मिळत नाही, वापरून मिळते. हे वाक्य ध्यानात ठेवा. त्याच्यावरूनच पुढचं सगळं भांडण आहे.

मग खाली भाताची गिरणी आली. ठकूबाईचे खांदे कांडण्यातून सुटले. त्याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही. बाईमाणसाने जन्मभर का कांडावं? तक्रार त्याच्या पुढची आहे. काम संपलं तर सांभाळायचं, नाहीतर चुलीत घालायचं. दोन्हीत मान आहे. पण मला दाराला टेकू म्हणून लावलं. मग शेळी बांधायला अंगणात ठोकलं. मग ठकूबाईच्या मुलाने जीप घेतली. वाडीच्या उतारावर ती मागे सरकू नये म्हणून त्याने मला आणून चाकाखाली घातलं.

भरलेली जीप माझ्यावरून गेली. माझ्या चिरफळ्या झाल्या.

"आरं, ज्येच्यावर तुझं घर पोसलं ते चाकाखाली घालतूस?" ठकूबाई अंगणात उभी राहून ओरडली. "तुझं डोकं घाल की! त्येचा तरी काय उपेग होईल!"

"आये, लाकूडच हाय ते."

"तूबी हाडंच हायीस!"

चिरफळ्यांतली एकच, वीतभर लांबीची, धड राहिली होती. तिच्या एका अंगाला मुठीची ती चकाकी होती. ठकूबाईने ती लुगड्याच्या फडक्यात गुंडाळली आणि एसटीने घोडेगाव गाठलं.

*

मी एक जुनी चिरफळी आहे.

(असंही सुरू करता येतं. माझं आत्मवृत्त एकदा सुरू होऊन सरळ शेवटाला जाणारं नाही. मला जितक्या वेळा खरवडलं, तितक्या वेळा ते पहिल्यापासून सुरू झालं.)

घोडेगावात कुशाबा नावाचा कातारी होता. लाटणी, पोळपाट, पाळण्याचे खूर कातायचा. त्याची बायको अंजना त्याच्या मालाला पॉलिशकागद मारायची. बाजारात स्टीलची लाटणी आल्यापासून कुशाबाचं डोकं कायम तापलेलं असायचं.

"ह्येचं पेन कर," ठकूबाईने मला त्याच्यासमोर ठेवलं.

"पेन? मावशे, मी लाटणी करतो. पेन दुकानात मिळतंय."

"दुकानात माझं मुसळ मिळतंय का?"

कुशाबाने मला परत तिच्याकडे सरकवलं. पण आतून अंजना बाहेर आली. बचत गटाच्या बायकांबरोबर ती जुन्नरला शिबिराला जाऊन आली होती. तिथं पुण्याच्या एका बाईंनी लाकडाची पेनं करायला शिकवली होती. मधून भोक पाडायचं, पितळेची नळी बसवायची, वरून कातायचं. आणि शेवटी पाण्यासारखा पातळ, झटपट वाळणारा डिंक थराथराने चढवून काचेसारखी चकाकी आणायची.

"मावशी, मी करते," अंजना म्हणाली.

"तू?" कुशाबा हसला. "आता डिंकवालीबी झाली का? बरं. कातणार मी. चिकटवाचिकटवी तू कर."

ठकूबाईने मला उचललं आणि अंजनाच्या हातात दिलं, कुशाबाच्या नाही. "माझी नात स्नेहल मास्तरीण व्हणार हाय. डिंभ्याकडच्या शाळंत. आमच्या वाडीतली पयलीच पोरगी. ती हजेरीवर पयली सही करल ना, ती ह्येनं करायची. मला सही येत न्हाई, पण माझ्या मुसळानं व्हईल. एवढंच लाकूड धड हाय, बाई. ह्ये गेलं तर दुसरं न्हाई."

ऐकलंत ना? ह्ये गेलं तर दुसरं न्हाई. आता बघा काय केलं ते.

*

कुशाबाने मला विजेवर फिरणाऱ्या लेथवर चढवलं आणि हत्यार टेकवलं. पहिल्या फेऱ्यात मुठीची चकाकी गेली. सासू-सुनेने जन्मभर राबून जे केलं होतं ते चहा गार व्हायच्या आत भुश्यात पडलं. तो शीळ घालत होता. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो.

मी गोल झालो. बारीक झालो. पोटात पितळेची नळी, तिच्यावर लाकडाची जेमतेम साल. म्हणजे काय समजून घ्या: डिंक बिघडला तर तो खरवडून काढावा लागतो आणि डिंकाबरोबर लाकूडही जातं. माझ्याकडे घालवायला फार लाकूड नव्हतं.

अंजना मऊ कागदाची घडी आणायला आत गेली तेवढ्यात कुशाबाने बाटली उचलली. त्याच्या घराण्यात पाळण्याच्या खुरांना लाखेचा रंग चढवत. लाख फिरत्या लाकडावर दाबायची, दाबून तापवायची, मग ती पसरते. त्याला वाटलं, हेही तसंच असणार. त्याने जुन्या धोतराचं फडकं घेतलं, त्यावर भसाभस डिंक ओतला आणि फिरत्या माझ्यावर अंगठ्याने दाबला.

मित्रांनो, सुती कापड आणि तो डिंक यांचं वैर आहे. कापड तापलं. धूर निघाला. कुशाबा किंचाळला. फडकं मला चिकटलं, त्याचा अंगठा फडक्याला चिकटला, आणि लेथ बंद करायला दुसरा हात पुरेना.

अंजना धावत आली. बटण बंद केलं. नवऱ्याकडे बघितलं.

"लाख समजला व्हय?"

"आगं, आधी सोडव!"

"तसंच ऱ्हावा. ठकूमावशी आली की दोघांची जोडी देते तिला. पेन आणि कातारी."

तिने साबणाच्या कोमट पाण्यात त्याचा अंगठा सोडवला. माझ्या अंगावर राहिलेलं फडकं मात्र पॉलिशकागदाने घासून काढावं लागलं. फडक्याबरोबर मीही गेलो, थोडासा.

*

मी एक जुनं मुसळ आहे. पुन्हा पहिल्यापासून.

या वेळी अंजनाने कुशाबाला दाराबाहेर बसवलं. कागदाची घडी केली, बोटाला दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक गुंडाळलं, घडीवर डिंकाचे थेंब घेतले आणि मला नुसता स्पर्श करत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. दाब नाही. मग थांबली. डिंकाचा डोळ्यांना झोंबणारा वास विरेपर्यंत थांबली. मग पुन्हा. त्या डिंकाला घाई चालत नाही, आणि जोर तर मुळीच चालत नाही. हे शिकायला अंजनाला जुन्नरमध्ये बरीच लाकडं वाया घालवावी लागली होती. मी रागात होतो, पण हात ओळखतो. हा हात बरा होता. थर ओला होता, सारखा होता, मी कधी नव्हे तो जरासा शांत हो

*

लाईट गेली.

तुम्हाला ते दिवस आठवत नसतील. वेळापत्रक पेपरात छापून यायचं आणि वीज ते पाळायची नाही. लेथ थांबला. मी थांबलो. माझ्या अंगावरचा ओला डिंक ओघळून पोटाखाली जमला आणि तिथंच आवाळूसारखा वाळला. अंजना अंधारात हाताने मला फिरवत राहिली, पण उशीर झाला होता.

बाहेरून आवाज आला, "झालं का चिकटवून?"

तिने भिंतीवर एक मूठ आपटली.

आवाळू खरवडलं. लाकूड आणखी गेलं. तिने मला घासून कोरडं केलं, अंगावर हात लागू नये म्हणून कागदात गुंडाळून फळीवर ठेवलं आणि स्वयंपाकाला गेली.

मग कुशाबा आला.

त्याने कागद उलगडला. मला उजेडाकडे धरलं. आणि खरं सांगतो, त्याच्या तोंडावर त्या वेळी माया होती. त्याच्या बापाचा एक नियम होता: लाकूड उपाशी दाराबाहेर जाऊ द्यायचं नाही. लाटणं असो, खूर असो, घराबाहेर पडण्याआधी त्याला करडीचं तेल पाजायचं. कुशाबाने अंगठ्यावर तेल घेतलं आणि मला हळूहळू चोळलं. "बायको तुला कोरडंच धाडंल," तो पुटपुटला. मग मला पुसलं, होतं तसं गुंडाळलं आणि निघून गेला.

सगळ्यात मोठं नुकसान हे असं मायेने होतं. त्याच्यावर रागावता येत नाही, म्हणून राग दुप्पट होतो.

दुसऱ्या दिवशी अंजनाने पुन्हा थर चढवले. वीज टिकली. हात चुकला नाही. आणि तरी मी पांढुरका पडत गेलो. तिने नख लावलं तर सगळी चकाकी कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटून हातात आली.

अंजना खाली बसली. "मला न्हाईच येत," ती मला म्हणाली. मला. दुसरं कुणी नव्हतं तिथं. "लोकाचं लाकूड घेतलं आणि नासवलं."

मग तिने मला नाकाशी धरलं. थांबली. पुन्हा वास घेतला.

"अवो!"

कुशाबा दारात आला.

"ह्येला तेल कुणी लावलं?"

"का?"

"मी इचारते तेल कुणी लावलं!"

"मी. मग? आमच्यात कोरडं लाकूड गिऱ्हाइकाला देत न्हाईत. बापजाद्याची रीत हाय."

"तव्याला तेल कशापायी लावत्यात?" अंजना उभी राहिली. "सांगा की! धिरडं चिकटू न्हाई म्हणूनच ना? आणि तुमी तेल लावल्यावर मी वरून डिंक चिकटवत बसले! शिकलेलं ईसरले म्हणून सकाळधरनं सोताला शिव्या देतीया!"

"मला सांगायचंस."

"कवा सांगू? तुमी 'डिंकवाली, डिंकवाली' म्हणून हसण्यातनं मोकळं व्हाल तवा? लाटण्याला तेल पाजा, खुराला पाजा, माझ्या टकुऱ्यावर वता! पण जे मी हातात घेतलंय त्येला मला इचारल्याबिगार बोट लावायचं न्हाई!"

आळीतल्या बायका दाराशी जमल्या होत्या. कुशाबाचं तोंड लाल झालं. मला वाटलं, आता हा मला भिंतीवर फेकणार. त्याने मला घेतलं, नखाने माझ्यावर टिचकी मारली आणि कान लावला. आतली पितळ फार जवळून वाजली.

"आजून येकदाच खरवडता येईल," तो हळू आवाजात म्हणाला. "त्येच्यापुढं नळी दिसंल."

"ठावं हाय मला."

मग कुशाबा माळ्यावर चढला. वरून त्याने धूळ खाल्लेला एक लाकडी सांगाडा खाली काढला. त्याच्या बापाचा दोरीचा लेथ. लाकडाला दोरीचा वेढा द्यायचा आणि एकाने दोरी आळीपाळीने ओढत राहायचं. वीज नको, काही नको.

"मी वढतो," तो म्हणाला. "लाईट जाणार न्हाई. तू लाव."

*

मी एक जुनं मुसळ आहे. शेवटचं पहिल्यापासून.

अंजनाने मला शेवटचं खरवडलं आणि स्पिरिटने पुसलं. पुन्हा पुसलं. कागद कोरडा निघेपर्यंत पुसत राहिली. मग कुशाबा जमिनीवर बसला आणि दोरी ओढू लागला.

"हळू."

"हळूच हाय."

"आजून हळू. बैलं हाकताय का?"

"माझा बाप ह्येच्यावर दिवसाला..."

"तुमच्या बापानं डिंक लावला व्हता का? हळू!"

तो हळू झाला. मी इकडे वळायचो, तिकडे वळायचो. ओला डिंक कुठल्याच बाजूला ओघळायला मोकळा नव्हता. थर, वास विरेपर्यंत वाट, पुन्हा थर. मधे वीज गेली. दोघांनाही ते कळलं नाही. मग पाण्यात बुडवलेला बारीक पॉलिशकागद, त्याहून बारीक, आणि शेवटी दात घासायच्या पेस्टचं बोट.

तिने मला पुसलं आणि उजेडात धरलं. माझ्यात तिचं तोंड दिसत होतं. तिच्या मागे कुशाबाचं.

मी कौतुक करायला तयार नव्हतो, अजूनही फारसा नाही. माझी चकाकी भुश्यात गेली होती आणि ही परकी कातडी माझ्यावर घट्ट बसली होती. पण खोटं बोलणार नाही. ही चकाकी अंजनाने कमावली होती. ज्याने ती वाया घालवली त्याच्याकडूनच दोरी ओढून घेऊन कमावली होती.

ठकूबाई आली. तिने मला मुठीत धरून पाहिलं. "लई गुळगुळीत हाय."

"मावशी, बिनघोर वापरा," अंजना म्हणाली. "घाम, पाणी, तेल, काय बी लागू दे. ही कातडी वापरायसाठीच हाय. पोरीला सांगा, जपू नको म्हणावं."

जपू नको. स्पष्ट सांगितलं होतं. आळीने ऐकलं.

*

पहिला दिवस. डिंभ्याच्या बाजूची शाळा. हेडमास्तर भगवंत गुरुजींनी हजेरीपट उघडून पुढे सरकवला. स्नेहलने पर्समधून मला काढलं. तिची बोटं घामेजली होती. माझी टोपी फिरू लागली. उखळ, सासू, ठकूबाई, जीप, धूर, तेल, सगळं मागे उभं होतं, मित्रांनो, सगळं, आणि...

"अरे वा!" गुरुजी म्हणाले. "काय शायनिंग आहे! मॅडम, असं पेन इथं काढू नका. पोरं पाडतील, चरे पडतील. घ्या, हे आमचं साधं."

स्नेहलने माझ्याकडे बघितलं. माझ्यात तिला स्वतःचं तोंड दिसलं असणार.

"खरंय सर," ती म्हणाली.

आणि तिने प्लास्टिकच्या, शेंडा चावलेल्या, निळ्या पेनाने सही केली.

मला आणखी काही सांगायचं नाही या दिवसाबद्दल.

*

शोकेस म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. काचेचं सरकतं दार. एका बाजूला प्लास्टिकची फुलं, दुसऱ्या बाजूला कुठल्यातरी धावण्याच्या शर्यतीचा कप, मधे मी, डबीत, कापसावर. पाहुणे यायचे. स्नेहल मला दाखवायची. "आजीच्या मुसळाचं." पाहुणे चुकचुकायचे, भारावायचे, चहा प्यायचे. माझ्यातली शाई बसल्या जागी वाळली.

जीपखाली असताना मी निदान जीप अडवत होतो.

मग सुगीनंतर ठकूबाई आली. पिशवीत नवे तांदूळ होते. पाणी प्यायच्या आधी तिने विचारलं, "सही केलीस का गं त्येनं?"

"आजी, ते..." स्नेहलने शोकेसकडे बोट केलं. "जपून ठेवलंय. बघ कसं नव्यासारखं आहे. एक चरा नाही."

ठकूबाई ओट्यापाशी जाऊन बसली. चटणीसाठी लसूण सोलून ठेवला होता, शेजारी छोटा दगडी खल. तिने खलातला बत्ता बाजूला काढून ठेवला. उठली. शोकेसचं दार खर्रकन सरकवलं. डबी उघडून मला बाहेर घेतलं, बसली, आणि माझ्या बोथट टोकाने लसूण कुटायला लागली.

"आजी!" स्नेहल किंचाळली. "आजी, काय करतेस! चकाकी जाईल!"

ठकूबाईचा हात थांबला नाही. वर, खाली. वर, खाली. तोच तो ताल. मला तो ओळखीचा होता.

"मुसळ हाय त्ये," ती म्हणाली. "मुसळ कुटतंय. न्हाईतर त्येनं लिही. दोनातलं येक काम दे त्येला. ह्येच्यापायी कातारणीनं नवऱ्याला दोरी वढायला लावली. त्ये काय ह्येला तुझ्या कपाटात बसवायला?"

"खराब होईल म्हणून गं..."

"खराब झालो न्हाई का आमी? मंग आमालाबी ठेव काचंत!"

स्नेहल रडायला लागली. मलाही टोकाशी काहीतरी तडकल्यासारखं झालं. अंजनाच्या कातडीवर तिथं छोटी चांदणी उमटली आहे, अजून आहे. ठकूबाईने मला पदराला पुसलं आणि नातीच्या मांडीवर टाकलं. मग चटणीत मीठ घातलं आणि चव बघितली.

दुसऱ्या दिवशी स्नेहलने नवी रिफिल घातली. आता मी तडकलेला, लसणाचा वास येणारा. जपण्यासारखं काही उरलं नव्हतं. हजेरीपटावर तिने माझ्याने सही केली. पहिली नव्हे. ती गेली ती गेलीच, आणि तिच्यासाठी मी कुणालाही माफ केलेलं नाही.

*

मी एक जुनं पेन आहे.

हे मात्र आता खरं आहे. रोज हजेरी लिहितो. फळ्याजवळ पोरं मला मागतात आणि मी त्यांच्या हातून पडतो. आरोही नावाची एक पोरगी गणित सुचेना की माझी टोपी चावते. अंगावर चरे आहेत. अंजनाने बघितलं तर ती हसेल, कारण ही कातडी तिने याच्यासाठीच चढवली होती. आणि जिथं स्नेहलची बोटं बसतात तिथं डिंकाची चकाकी हळूहळू मंद होते आहे. तिथं दुसरी येते आहे. ही मी ओळखतो.

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं मी तुम्हाला सांगणार नाही. ते सांगणारे पुष्कळ आहेत. तुमच्या घरातही काचेमागे कुणीतरी बसलेलं असेल, कुणाच्या तरी हातांनी घडलेलं, कापसावर ठेवलेलं. उठा. दार सरकवा. किल्ली मागा. मोठी माणसं ओरडतील, "अरे, हात नको लावूस!" ओरडू द्या.

त्यांना लसूण सोलायला बसवा.